उत्तर न देणारा नोड मेलाय असं धरून चालू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत दोन नोडचा, म्हणजे दोन सर्व्हरचा, पेसमेकर क्लस्टर आहे: एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. सॅनवरचा (सामायिक स्टोरेजवरचा) २ टीबीचा एक लन, म्हणजे डिस्कसारखा वापरायचा तुकडा, दोन्ही सर्व्हरना दिसतो, त्यावर एक्सएफएस ही फाइल सिस्टीम आणि त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. स्विचचं फर्मवेअर अपडेट करताना दोन्ही नोडचा आपसातला संपर्क तुटला. दोघांनाही वाटलं समोरचा गेला, दोघांनीही तोच लन माउंट करून डेटाबेस चालू केला. डेटा खराब झाला आणि रात्रभर बसून बॅकअपवरून परत आणावा लागला. क्लस्टर बसवून देणाऱ्यांनी स्टोनिथ (उत्तर न देणाऱ्या नोडला बाहेरून बळजबरीने बंद करण्याची सोय) बंद ठेवलं होतं, कारण 'चालू ठेवलं की सर्व्हर उगाच रिबूट होतात'. आता विचारलंय ते असं: चालता सर्व्हर बळजबरीने बंद केला तर उलट डेटा जाणार नाही का? दोनच नोड असताना कोण कोणाला बंद करणार? आणि त्यासाठी आयपीएमआय, एससीएसआय रिझर्व्हेशन, एसबीडी या पद्धतींतलं नेमकं काय लावायचं?

महापे ते ऐरोली या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत आणि कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये मी बरीच वर्षं असे क्लस्टर बसवतो आणि सांभाळतो. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. स्टोनिथ चालू करा. सामायिक डिस्क असलेला क्लस्टर स्टोनिथशिवाय चालवणं हे एकच सर्व्हर चालवण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. एकटा सर्व्हर बंद पडला तर काम थांबतं, डेटा जागेवर राहतो. तुमच्याकडे दोन सर्व्हर होते म्हणून डेटा गेला.

तुमच्याकडे निमित्त स्विच झाला, पण स्विच नसता तरी हे कधीतरी घडलंच असतं. ते कसं, ते नीट पाहू, कारण फेन्सिंगबद्दलचे, म्हणजे स्टोनिथ करतं त्या कामाबद्दलचे, बहुतेक गैरसमज इथेच आहेत.

समजा पहिल्या नोडची मेमरी भरली आणि तो स्वॅपमध्ये अडकला, किंवा तो व्हीएम (आभासी सर्व्हर) आहे आणि बॅकअपच्या स्नॅपशॉटसाठी त्याला चालवणाऱ्या हायपरव्हायझरने त्याला वीस सेकंद गोठवला. या वेळात त्याच्याकडून कोरोसिंकचं (नोडमधला संपर्क सांभाळणाऱ्या सेवेचं) टोकन, म्हणजे हजेरीचा निरोप, फिरत नाही. कोरोसिंकच्या २.x मध्ये टोकनची मूळ मर्यादा १००० मिलिसेकंद होती, ३.१ पासून ती ३००० आहे. म्हणजे काही सेकंदांतच दुसरा नोड ठरवतो की पहिला गेला. स्टोनिथ बंद असेल तर तो लगेच लन माउंट करतो. माउंट करताना एक्सएफएसला जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट दिसतं, म्हणून तो ते रिप्ले करतो. पोस्टग्रेस उठतो, वॉल (डेटाबेसची तशीच नोंदवही) वाचून रिकव्हरी करतो आणि नवीन व्यवहार घ्यायला लागतो. इथपर्यंत सगळं छान दिसतं. मग विसाव्या सेकंदाला पहिला नोड जागा होतो. मधे वेळ गेलाय हे त्याला माहीतच नाही. त्याच्या पेज कॅशमध्ये लिहायची पानं तयार पडलेली असतात, एचबीएच्या (स्टोरेजला जोडणाऱ्या कार्डाच्या) रांगेत काही राइट आधीच असतात, आणि तो ती पानं जुन्या हिशेबाने जुन्या ब्लॉकवर लिहून टाकतो. कोरोसिंक त्याला 'तू बाहेर पडलास' असं कळवेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

एक्सएफएस किंवा एक्सटी४ या फाइल सिस्टीम एका वेळी एकाच यंत्राने वापरायच्या असं धरून बनवलेल्या आहेत. कोणता ब्लॉक मोकळा आहे याचा हिशेब प्रत्येक नोड आपापल्या मेमरीत ठेवतो. दोघांनी माउंट केलं की एकच मोकळा ब्लॉक दोघेही दोन वेगळ्या फाइलना देतात. पोस्टग्रेसची पोस्टमास्टर-पिडची फाइल आपल्याला वाचवेल असं काहींना वाटतं. ती वाचवत नाही. त्या फाइलमधला प्रोसेस क्रमांक चालू आहे का, हे त्याच यंत्रावर तपासलं जातं. दुसऱ्या नोडवर तो क्रमांक सहसा अस्तित्वातच नसतो, म्हणून पोस्टग्रेस ती फाइल शिळी समजून पुढे जातो. आणि स्टोरेजवरचं रेड किंवा दुसऱ्या साइटवरची रेप्लिका इथे काही कामाची नाही. आलेला खराब ब्लॉक ती प्रामाणिकपणे दोन्हीकडे लिहून ठेवते.

आता पहिला प्रश्न: वीज तोडून सर्व्हर बंद केला तर डेटा जात नाही का?

वीज अचानक जाणं ही जर्नल असलेल्या फाइल सिस्टीमने आणि वॉल असलेल्या डेटाबेसने गृहीत धरलेली घटना आहे. कमिट झालेला व्यवहार वॉलमध्ये एफसिंक होऊन, म्हणजे खरोखर डिस्कवर उतरून, बसलेला असतो आणि पुन्हा उठताना तो परत मिळतो. अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द होतो, ॲप्लिकेशनला एरर जाते, आणि तेच बरोबर आहे. अट एवढीच की एफसिंक कोणी 'वेग वाढवायला' म्हणून बंद केलेलं नसावं आणि स्टोरेजची राइट कॅश बॅटरीवर किंवा फ्लॅशवर सुरक्षित असावी. याउलट दोन यंत्रांनी एकाच वेळी एकाच जागी लिहिणं कोणत्याच जर्नलने गृहीत धरलेलं नाही. त्यातून परत येण्याची वाट बॅकअपवरूनच जाते, आणि ती तुम्ही नुकतीच चालून आला आहात.

म्हणून नियम असा. समोरचा नोड उत्तर देत नाही, यावरून तो मेलाय असा अर्थ काढायचा नाही. तो आता लिहू शकत नाही हे सिद्ध झाल्याशिवाय दुसऱ्याने लनला हात लावायचा नाही. ठाणे-वाशी मार्गावर रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा ओव्हरहेड वायरवर काम करणारे लोक 'गाडी दिसत नाही, म्हणजे करंट नसेल' असं म्हणत वर चढत नाहीत. आधी पॉवर ब्लॉक मिळतो, वायर अर्थ केली जाते, मगच काम सुरू होतं. फेन्सिंग म्हणा, स्टोनिथ म्हणा, काम तेवढंच आहे. आणि ती खात्री त्या नोडकडून कधीच मागायची नाही. ती बाहेरून मिळाली पाहिजे: वीज तोडणाऱ्या उपकरणाकडून, स्टोरेजकडून, किंवा हार्डवेअरच्या वॉचडॉगकडून (अडकलेला सर्व्हर आपोआप रीसेट करणाऱ्या टायमरकडून).

यातून एक गोष्ट ओघानेच येते आणि ती मॅनेजमेंटला आधीच सांगून ठेवायला हवी. फेन्सिंग अयशस्वी झालं तर क्लस्टर थांबून राहतो. स्टेटसमध्ये तो नोड अनक्लीन दिसतो, रिसोर्स (क्लस्टर चालवतो ते डेटाबेस, माउंट वगैरे) हलत नाहीत, फोन वाजायला लागतात. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, 'स्टोनिथ-एनेबल्ड फॉल्स करा, लगेच उठेल'. लगेच उठतं हे खरं आहे. पण क्लस्टर थांबला होता तो खात्री मिळाली नाही म्हणून, आणि ते सेटिंग बदलून खात्री मिळत नाही, फक्त ती विचारणं बंद होतं.

तुमच्या व्हेंडरच्या 'उगाच रिबूट' या तक्रारीलाही उत्तर दिलं पाहिजे, कारण ती खोटी नसते. रिबूट होतात, पण प्रत्येकामागे कारण असतं आणि लॉगमध्ये ते सापडतं. मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण नेटवर्कचं नाही, स्टॉप टाइमआउटचं आहे. पोस्टग्रेस बंद होताना चेकपॉइंट लिहितो. मेमरीत डिस्कवर लिहायची राहिलेली पानं भरपूर असतील आणि स्टोरेज त्या क्षणी संथ असेल तर त्याला दोन-तीन मिनिटंही लागू शकतात. रिसोर्सचा स्टॉप टाइमआउट मात्र कोणीतरी ६० सेकंद ठेवलेला असतो. मुदत संपली की स्टॉप फेल झाला असं धरलं जातं. जो रिसोर्स थांबला की नाही हे माहीत नाही तो दुसरीकडे चालू करता येत नाही, म्हणून पेसमेकर तो नोडच फेन्स करतो. त्याचं वागणं बरोबर असतं, आकडा चुकलेला असतो. तसंच माउंट पॉइंटमध्ये कोणाचं तरी शेल उघडं राहिलेलं असतं, अनमाउंट होत नाही, आणि गाडी तिथेच येऊन थांबते. दुसरं कारण म्हणजे रात्रीच्या बॅकअपला व्हीएम गोठणं. तिथे टोकनची मुदत १० सेकंदांपर्यंत वाढवली की बहुतेक वेळा भागतं. तिसरं, स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीला (नेटवर्कमधले लूप टाळणाऱ्या तपासणीला) पोर्ट उघडायला लागणारा वेळ. ही तिन्ही कारणं दूर करता येतात. यांतल्या एकासाठीही स्टोनिथ बंद करायची गरज नाही.

आता दोन नोडचं. दोन मतांत बहुमत म्हणजे दोन, म्हणजे एक नोड गेला की उरलेल्याला कोरम नाही. म्हणून कोरोसिंकमध्ये टू-नोड हा पर्याय असतो. तो लावला की एका मतावरही कोरम मिळतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की संपर्क तुटला तर दोन्ही नोड स्वतःला कोरममध्ये समजतात आणि दोघेही एकमेकांना फेन्स करायला निघतात. जो आधी पोचेल तो राहतो, आणि एवढ्यापुरतं हे ठीकच आहे, कारण निकाल एकच लागतो. अडचण तेव्हा येते जेव्हा दोघांच्या आज्ञा एकाच क्षणी पोचतात आणि दोन्ही सर्व्हर एकदम बंद होतात. आयपीएमआयमध्ये हे अगदी शक्य आहे, कारण आज्ञा स्वीकारल्यावर बीएमसी (सर्व्हरमधला, त्याची वीज दुरून बंद-चालू करणारा छोटा कंट्रोलर) मागे फिरत नाही.

यावर उपाय उशीर लावण्याचा. पहिल्या नोडला बंद करणाऱ्या फेन्स डिव्हाइसवर पीसीएमके-डिले-बेस १० सेकंद ठेवा, दुसऱ्याच्या डिव्हाइसवर काही ठेवू नका. इथे पुष्कळांची गल्लत होते: ज्याला वाचवायचंय त्याला मारणाऱ्या डिव्हाइसवर उशीर लावायचा. मग भांडण झालंच तर पहिला नोड आधी गोळी झाडतो. पेसमेकर २.०.४ पासून प्रायॉरिटी-फेन्सिंग-डिले हा आणखी चांगला पर्याय आला. रिसोर्सना प्रायॉरिटी दिली की ज्या नोडवर त्या क्षणी डेटाबेस चालू आहे त्याला क्लस्टर आपोआप झुकतं माप देतो. तुमच्या इथे मी हाच लावेन, कारण डेटाबेस कधी या नोडवर तर कधी त्या नोडवर असतो.

टू-नोड लावलं की वेट-फॉर-ऑल आपोआप लागू होतं. ते कोणी हाताने बंद केलं असेल तर परत चालू करा. ते नसेल तर फेन्स झालेला नोड उठतो, समोरचा दिसत नाही म्हणून त्यालाच फेन्स करतो, मग तो उठून याला फेन्स करतो, आणि केबल जागेवर येईपर्यंत हे चक्र थांबत नाही. याच कारणासाठी दोन नोडच्या क्लस्टरमध्ये बूटबरोबर क्लस्टर सेवा आपोआप सुरू होणं मी बंदच ठेवतो. नोड का पडला हे माणसाने पाहावं आणि मग त्याला आत घ्यावं.

तिसरं मत आणता आलं तर आणखी बरं. ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा आणखी कुठे तुमचं ऑफिस असेल तर तिथल्या एका छोट्या लिनक्स यंत्रावर कोरोसिंक-क्यूनेटडी बसवा. टीसीपी ५४०३ पोर्ट उघडा आणि क्लस्टरला क्यूडिव्हाइस जोडा. संपर्क तुटला की ते एकाच बाजूला मत देतं, म्हणजे शर्यतीचा प्रश्न मिटतो. पण फेन्सिंगची गरज त्याने संपत नाही. कोरम गमावलेला नोड 'मी थांबतो' असं ठरवायला शुद्धीवर असावा लागतो, आणि वर पाहिलेला गोठलेला नोड शुद्धीवर नसतो.

आता कोणती पद्धत.

आयपीएमआय, म्हणजे बीएमसीला नेटवर्कवरून आज्ञा देऊन वीज तोडणं, सगळ्यात सोपं, कारण आयड्रॅक किंवा आयएलओ असा बीएमसी तुमच्या सर्व्हरमध्ये आधीपासूनच आहे. त्याची मोठी उणीव म्हणजे बीएमसीला वीज त्याच सर्व्हरमधून मिळते. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला, ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. मोठ्या डेटा सेंटरला जनरेटर असतात. एमआयडीसीतल्या छोट्या सर्व्हर रूममध्ये यूपीएस संपला की संपला, आणि दोन रॅक दोन वेगळ्या यूपीएसवर असतील तर एक आधी जातो. त्या क्षणी जिवंत नोड मेलेल्याच्या बीएमसीला विचारतो, 'बंद झालास का?' उत्तर येत नाही. बीएमसीचीच वीज गेली, की फक्त त्याची केबल निघाली आणि सर्व्हर आत मजेत लिहितोय, हे जिवंत नोडला ओळखता येत नाही. म्हणून तो थांबतो. आयपीएमआय ही एकटी पातळी पुरेशी नाही ती यामुळे.

पुढची पातळी स्विच्ड पीडीयूची, म्हणजे नेटवर्कवरून सॉकेट बंद करता येणारी पॉवर पट्टी. पहिल्या पातळीवर आयपीएमआय, ते फसलं तर दुसऱ्या पातळीवर पीडीयू, असं फेन्सिंगच्या पातळ्या लावून करता येतं. तुमच्या सर्व्हरना दोन पॉवर सप्लाय असतील. मग दोन्ही पीडीयूंचे डिव्हाइस एकाच पातळीत लिहा. दोन्ही सॉकेट आधी बंद झाले पाहिजेत, मगच दोन्ही चालू व्हायला हवेत. एक बंद-चालू करून मग दुसरं बंद-चालू केलं तर सर्व्हरला काहीच होत नाही आणि क्लस्टर मात्र 'फेन्सिंग यशस्वी' समजतो. आजचा पेसमेकर एका पातळीतले डिव्हाइस आपणहून असेच हाताळतो, तरी एकदा समोर उभं राहून पाहा.

आयपीएमआयबद्दल अजून दोन गोष्टी. फेन्स-आयपीएमआयलॅनची पद्धत ऑन-ऑफ हीच राहू द्या. सायकल ही पद्धत सर्व्हर खरंच बंद होण्याआधीच यश कळवू शकते. आणि सिस्टीमडीच्या लॉगिनडीमध्ये पॉवर कीकडे दुर्लक्ष करण्याचं सेटिंग लावा. नाहीतर बीएमसीने पॉवर बटण दाबलं की लिनक्स ते सभ्य शटडाउन समजतो, सेवा एकेक करून बंद करत बसतो, आणि फेन्सिंगला क्षणार्धाऐवजी मिनिटं लागतात.

आता तुमच्या त्या रात्रीकडे या नजरेने पाहा. स्टोनिथ चालू असतं आणि आयड्रॅकच्या केबली त्याच स्विचमध्ये असत्या, तर काय झालं असतं? स्विच रिबूट होताना हार्टबीट (नोडमधला हजेरीचा संपर्क) गेलं, त्याच क्षणी फेन्सिंगचा रस्ताही गेला. दुसऱ्या नोडने डेटाबेस उचललाच नसता, पहिल्यावरचा डेटाबेस चालू राहिला असता. स्विच परत आल्यावर उरलेली फेन्सिंग होऊन एखादा नोड रिबूट झाला असता. काही मिनिटांचा खोळंबा, डेटा सुखरूप. यातून दिसतं की फेन्सिंगचा रस्ता हार्टबीटच्या रस्त्यापासून वेगळा हवा. बीएमसी आणि पीडीयूसाठी एक छोटा स्वतंत्र स्विच घ्या. दोन सर्व्हरमध्ये एक थेट केबल टाका आणि कोरोसिंकला दुसरी लिंक म्हणून द्या. कोरोसिंकच्या केनेट ट्रान्सपोर्टमध्ये आठपर्यंत लिंक देता येतात, तुम्हाला दोन पुरे. ही एक केबल असती तर त्या रात्री काहीच घडलं नसतं.

एससीएसआय-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन हा वेगळ्या जातीचा उपाय आहे. यात सर्व्हर बंद होत नाही, त्याचा लिहिण्याचा हक्क स्टोरेज काढून घेतं. प्रत्येक नोड लनवर आपली की नोंदवतो आणि फक्त नोंदणी असलेल्यांनाच लिहिता येईल असं रिझर्व्हेशन घेतलं जातं. फेन्स करायचं म्हणजे समोरच्याची की प्रीएम्प्ट-अँड-अबॉर्ट करून उडवायची. त्यानंतर गोठलेला नोड जागा होऊन कितीही लिहू पाहो, स्टोरेज त्याला रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट म्हणून परतवतं. मला ही पद्धत आवडते, कारण राखण जिथे डेटा आहे तिथेच होते आणि वीज, बीएमसी, पीडीयू कशाचाही संबंध येत नाही. पण तिच्या अटी नीट पाळाव्या लागतात. स्टोरेज ॲरेला ती पूर्णपणे जमली पाहिजे. मल्टिपाथ (स्टोरेजकडे जाणारे एकाहून जास्त रस्ते) असेल तर फेन्स-एमपाथ वापरा आणि मल्टिपाथच्या कॉन्फिगमध्ये प्रत्येक नोडला वेगळी रिझर्व्हेशन की द्या, म्हणजे प्रत्येक पाथवर नोंदणी होते. एसजी-पर्सिस्ट या आज्ञेने की वाचून पाहा: प्रत्येक नोडची की प्रत्येक पाथसाठी दिसली पाहिजे, आणि फेन्सनंतर त्या नोडच्या सगळ्या नाहीशा झाल्या पाहिजेत. डिव्हाइसला प्रोव्हाइड्स-अनफेन्सिंग हे मेटा लावायला विसरू नका, नाहीतर परत आलेल्या नोडला की मिळत नाही. आणखी एक: हाकललेला नोड चालूच असतो, त्याच्यावरचा सर्व्हिस आयपीही चालू राहू शकतो. म्हणून की गेल्याचं दिसताच नोड रिबूट करणारी वॉचडॉगची स्क्रिप्ट या एजंटांबरोबर येते, ती लावा.

एसबीडी सुसे लिनक्सच्या जगात जास्त दिसतं. काही एमबीचा एक छोटा वेगळा लन घ्यायचा. त्यावर प्रत्येक नोडचा कप्पा असतो, त्या कप्प्यात 'मर' असा निरोप लिहिला की समोरचा तो वाचून स्वतः रीसेट होतो. वाचण्याच्या अवस्थेत नसेल तर हार्डवेअर वॉचडॉग त्याला पाडतो. यात जीव वॉचडॉगमध्ये आहे. सॉफ्टडॉगवर (सॉफ्टवेअरमधल्या वॉचडॉगवर) अवलंबून राहू नका. तो त्याच कर्नलमध्ये चालतो, कर्नल अडकला की तोही अडकतो. मेसेज-वेट ही मुदत वॉचडॉगच्या मुदतीच्या किमान दुप्पट हवी आणि स्टोनिथ-टाइमआउट त्याहूनही जास्त. मल्टिपाथला पाथ बदलायला ३० सेकंद लागत असतील आणि वॉचडॉग ५ सेकंदांचा असेल, तर एक फायबर निघाली की चांगला नोड स्वतःला पाडून घेईल.

तुमच्यासाठी माझी शिफारस: पहिली पातळी आयपीएमआय, दुसरी दोन्ही पीडीयू. बजेट पीडीयूला नाही म्हणत असेल आणि ॲरेला पर्सिस्टंट रिझर्व्हेशन जमत असेल तर दुसरी पातळी म्हणून न वापरता मुख्य पद्धतच फेन्स-एमपाथ ठेवा. एलव्हीएमचा सिस्टीम आयडी (डिस्कवर कोणत्या नोडचा ताबा आहे ती खूण) हा वरचा आणखी एक अडसर म्हणून चांगला आहे, पण ताबा घेताना क्लस्टरच तो आयडी बदलतो, त्यामुळे फेन्सिंगशिवाय तोही कुचकामी. जीएफएस२ (अनेक नोडनी एकाच वेळी वापरायची फाइल सिस्टीम) लावला तर फेन्सिंग लागत नाही असंही ऐकू येतं. उलट आहे: त्याचे लॉक सांभाळणारा डीएलएम फेन्सिंग पूर्ण झाल्याची बातमी येईपर्यंत लॉक देतच नाही, सगळ्या नोडवर फाइल सिस्टीम गोठून राहते. ओरॅकलच्या 'रॅक' या क्लस्टर डेटाबेसमध्येही व्होटिंग डिस्क आणि नोड इव्हिक्शन याचसाठी आहे.

आता चाचणी. मी पाहिलेलं सगळ्यात घातक कॉन्फिग स्टोनिथ बंद असलेलं नव्हतं. त्यात स्टोनिथ चालू होतं आणि नावं चुकीच्या यंत्राला जोडलेली होती. रॅकमध्ये सर्व्हर बसवताना दोन यंत्रांची अदलाबदल झाली होती, लेबलं बरोबर लावली गेली, पण आयड्रॅकचे आयपी जुन्या कागदावरून भरले गेले. होस्ट मॅपमध्ये (कोणत्या नोडला कोणता बीएमसी, त्या यादीत) पहिल्या नोडसमोर तिसऱ्याच कुठल्या यंत्राचा बीएमसी होता. अशा क्लस्टरमध्ये फेन्सिंग 'यशस्वी' होतं, भलताच सर्व्हर बंद होतो, आणि ज्याला बंद करायचं होतं तो जिवंत असताना लन माउंट होतो. हिरवे टिक बघून हे कळत नाही.

म्हणून चेंज विंडो घ्या आणि एकाने रॅकसमोर उभं राहा. प्रत्येक नोड एकेकदा हाताने फेन्स करा आणि नेमक्या त्याच यंत्राचे दिवे गेले ना, ते डोळ्यांनी पाहा. मग सिसआरक्यूला (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीला) सी देऊन कर्नल पाडा. कोरोसिंक प्रोसेसला स्टॉप सिग्नल देऊन गोठलेल्या नोडचं सोंग आणा. फायरवॉलने हार्टबीटचं ट्रॅफिक दोन्ही दिशांनी अडवा; इंटरफेस डाउन करून केलेली चाचणी खऱ्या तुटण्यासारखी नसते. शेवटी चालू नोडच्या दोन्ही पॉवर केबल खेचा, म्हणजे बीएमसी मेल्यावर दुसरी पातळी उभी राहते का ते कळेल. प्रत्येक वेळी लॉगमध्ये क्रम तपासा: नोड हरवला, फेन्सिंग सुरू, फेन्सिंग यशस्वी, आणि त्यानंतरच माउंट. माउंटची ओळ फेन्सिंगच्या यशाआधी दिसली तर तिथेच थांबा. आणि फेन्स डिव्हाइसचा मॉनिटर मिनिटाला एकदा चालू ठेवा, म्हणजे बीएमसीचा पासवर्ड कोणी बदलला तर ते संकटाच्या रात्री न कळता त्याच दुपारी कळेल.

कधीतरी दोन्ही पातळ्या फसतील आणि हाताने 'हा नोड बंद आहे' असं क्लस्टरला सांगावं लागेल. त्यासाठी स्टोनिथ कन्फर्मची आज्ञा आहे. ती देण्याआधी डेटा सेंटरमधल्या माणसाला फोन करा, सर्व्हरचा ॲसेट टॅग मोठ्याने वाचायला सांगा, दोन्ही केबल काढायला सांगा, आणि काढल्यावर फोटो मागवा. 'पिंग होत नाहीये' यावर ही आज्ञा देऊ नका. पिंग त्या रात्री तुमच्या दोन्ही नोडना एकमेकांचं लागत नव्हतंच.

हे सगळं होईपर्यंत आज काय? दुसऱ्या नोडवर क्लस्टर सेवा थांबवा आणि स्टोरेजच्या बाजूने त्याचं लन मॅपिंग काढून टाका. काही दिवस फेलओव्हर नसेल, हे लेखी कळवा. बॅकअपवरून परत आणलेल्या डेटाबेसचा एक पूर्ण पीजी-डंप काढा, आणि पोस्टग्रेस १४ किंवा पुढचा असेल तर पीजी-ॲमचेक ही तपासणीही चालवा, म्हणजे खराब पानं बॅकअपमध्येच उतरलेली नाहीत ना ते समजेल.

आणि स्विचचं अर्धवट राहिलेलं फर्मवेअर पूर्ण करायचंच असेल, तर तोवर दुसरा नोड क्लस्टरबाहेर असल्याने आत्ताच करून घ्या. पुढे दोन्ही नोड आत आल्यावर असं काम निघालं की आधी मेंटेनन्स मोड लावा, दोन्ही नोडवर क्लस्टर सेवा थांबवा, स्विचचं काम उरका, सेवा सुरू करा, दोन्ही नोड एकमेकांना ऑनलाइन दिसतायत आणि डेटाबेस एकाच ठिकाणी चालू दिसतोय याची खात्री करा, आणि मगच मेंटेनन्स मोड काढा. डेटाबेस या काळात चालूच राहतो.